निवाऱ्याच्या बंदराला उत्पन्न विचारू नका

महोदय,

वाढवणच्या बंदराबद्दल आपल्या पानांवर बरंच छापून येतं. ७६ हजार २२० कोटी रुपयांचं काम आहे, तेव्हा ते यायलाच हवं. त्या बंदराच्या बाजूने की विरोधात, हे मी डहाणू-पालघरच्या माणसांवर सोडतो. ज्यांच्या दारातलं पाणी बदलणार आहे, त्यांनीच त्यावर बोलावं. पण हल्ली बंदर म्हटलं की तेवढंच एक डोळ्यांसमोर येतं. राज्याच्या किनाऱ्यावर ४८ लहान बंदरं आहेत, आणि त्यांतलं एक आमचं देवगड. त्याच्याबद्दल आज लिहितो आहे.

बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर माझं वाणसामानाचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं, गेली ३४ वर्षं मी चालवतो. तांदूळ, कांदे-बटाटे, मसाला, चहापावडर, बॅटऱ्या आणि नायलॉनचा दोर. आठ-दहा दिवस समुद्रात जाणाऱ्या नौकेला जे जे लागतं ते सगळं माझ्याकडे मिळतं. त्यामुळे बंदरात किती नौका आहेत हे बघायला मला धक्क्यावर जावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत तांदळाची किती पोती फुटली, त्यावरून समजतं.

देवगड हे आसऱ्याचं बंदर. किल्ल्याचा डोंगर समुद्रात पुढे आला आहे आणि त्याच्या आडोशाला खाडी वळून आत येते. बाहेर वारा पिसाळला तरी आतलं पाणी त्या मानाने शांत राहतं. इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटिअरमध्येही या सुरक्षितपणाची वाखाणणी आहे. गुजरातेतल्या वेरावळच्या आणि कर्नाटकातल्या मालपेच्या तांडेलांना, म्हणजे नौका चालवणाऱ्या म्होरक्यांना, हे बापजाद्यांपासून माहीत आहे. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठते तेव्हा समुद्र पुरता निवळलेला नसतो. त्या महिन्यात तीन नंबरचा बावटा, म्हणजे वादळी वाऱ्याचा इशारा, लागला, की दुसऱ्या दिवशी सकाळी खाडीत शे-दीडशे नौका उभ्या. निम्म्याहून जास्त गुजरातच्या, काही कर्नाटकच्या. माझ्या दुकानात त्या दिवसांत गुजराती, कानडी, तुळू आणि मालवणी एकदम चालतात.

ओखी वादळाची गोष्ट आपल्या वाचकांना आठवत असेल. ३० नोव्हेंबर २०१७ ला ते कन्याकुमारीजवळून अरबी समुद्रात शिरलं. केरळ आणि तमिळनाडूच्या शेकडो नौका तेव्हा खोल समुद्रात होत्या. त्यांच्या किनाऱ्यावर बायका-मुलं वाट बघत बसली होती आणि कोण जिवंत आहे, कोण नाही याचा कुणालाच पत्ता नव्हता. २ डिसेंबरला बातमी आली की ६८ नौका देवगडला सुखरूप पोचल्या आहेत. ६६ केरळच्या, २ तमिळनाडूच्या, आणि त्यांवर ९५२ माणसं. आपल्या मुख्यमंत्र्यांनी स्वतः ते जाहीर केलं.

जाहीर झालं त्याच्या मागे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. धक्क्यावर चढलेल्या माणसांना नीट उभं राहता येत नव्हतं. मिठाने पापण्या चिकटल्या होत्या. भाषा कुणालाच कळेना. कणकवलीला हायवेवर टायरचं दुकान असलेला एक मल्याळी गृहस्थ आहे, त्याला कुणीतरी मोटरसायकलवरून घेऊन आलं. तो दुपारपासून रात्रीपर्यंत बोलत होता, शेवटी त्याचा घसा बसला. जेवायला काय द्यायचं, हा प्रश्न मात्र लगेच सुटला. आमच्याकडे उकड्या तांदळाची पेज रोजचीच, आणि त्यांच्याकडेही उकडाच तांदूळ. पेजेचं पातेलं बघितल्यावर एक म्हातारा खलाशी ‘कंजी, कंजी’ म्हणत पुढे आला आणि जमिनीवर मांडी घालून बसला. आमच्या घरून, शेजारून, वाडीतून पातेली येत राहिली. सरकारी माणसंही धावपळ करत होती, ते नाकारता येणार नाही.

दुकानात एक पोरगा आला, असेल विशीतला. त्याने खुणेने फोन मागितला. नंबर त्याला पाठ होता. पलीकडून कुणीतरी उचलल्यावर तो ‘अम्मे’ म्हणाला आणि पुढे काही बोललाच नाही. पलीकडची बाई बोलत राहिली, रडत राहिली, हा नुसता फोन कानाला लावून उभा. माझी बायको आत गेली आणि चहा घेऊन आली. त्याचं नाव मी विचारलं नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

आता मुद्द्यावर येतो. त्या दिवशी देवगड नसतं तर ती ९५२ माणसं कुठे गेली असती? आणि ती आत आली यात देवगड बंदराला उत्पन्न किती झालं? जवळजवळ शून्य. आसऱ्याला आलेल्या नौकेकडून पैसे घ्यायचे नसतात, घेऊही नयेत. पण बंदराच्या हिशेबाच्या वहीत त्या दिवसाची नोंद कोरीच राहते.

ही गोष्ट मला एका कार्यालयात कळली. काही वर्षांपूर्वी खाडीतला गाळ काढावा म्हणून आम्ही बंदरावरचे काही व्यापारी आणि नौकामालक अर्ज घेऊन गेलो होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथला अधिकारी सज्जन माणूस होता, त्याने बसवून घेतलं, चहा दिला. मग विचारलं, ‘बंदराचं वार्षिक उत्पन्न किती?’ आम्ही सांगितलं. तो म्हणाला, ‘मग एवढा खर्च कोणत्या आधारावर मागू?’ त्याचा दोष नव्हता. त्याच्यासमोरच्या नमुन्यात तेवढाच एक रकाना होता. किती टन माल चढला-उतरला, किती महसूल आला. किती जीव आत आले, असा रकाना त्यात नव्हता.

लहान बंदरं कशी मरतात हे मी माझ्या हयातीत बघितलं आहे. माझ्या लहानपणी मुंबईची बोट इथे लागायची. ती बाहेर नांगरायची आणि पडावातून माणसं धक्क्यावर उतरायची. आंब्याच्या पेट्या त्याच पडावांतून परत जायच्या. बोट यायची त्या दिवशी वडील पहाटे तीनला दुकान उघडत. ऐंशीच्या दशकात बोटी बंद पडल्या, आंबा ट्रकवर गेला. पुढे १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली. प्रवासी गेले, माल गेला, म्हणून उत्पन्न गेलं. उत्पन्न गेलं म्हणून गाळ काढणं थांबलं. गाळ साचला म्हणून मोठ्या नौका यायला कचरू लागल्या, आणि उत्पन्न आणखी खाली आलं. दाभोळ, चौल, राजापूर ही एके काळची केवढी बंदरं! राजापूरला तर इंग्रजांची वखार होती, नदीतून थेट गावापर्यंत गलबतं जात. आज राजापूरच्या पुलावर उभं राहून हे कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. गाळाने ती बंदरं गिळली, पण तेव्हा गाळ काढायला यंत्रं नव्हती. आज ती आहेत.

आमच्या खाडीत गाळ येतो कुठून, हेही सांगायला हवं, कारण त्यात आमचाही हात आहे. इथे पाऊस धो धो पडतो. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या पठारावर, कातळ फोडून, बाहेरून माती आणून कलमं लावली जातात. डोंगरउतारावर यंत्रांनी टप्पे पाडले जातात, रस्ते रुंद होतात, चिऱ्याच्या खाणींचा चुरा उघड्यावर पडून राहतो. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात हे सगळं व्हाळांतून, म्हणजे ओढ्यांतून, लाल होऊन खाडीत उतरतं. हापूसवर आमचं पोट आहे, माझ्या भावाचीही कलमं आहेत. पण मोकळी केलेली माती पावसाआधी बांध घालून अडवणं, व्हाळाच्या तोंडाशी दगड रचणं हे आमचं आम्हाला करता येण्यासारखं आहे आणि आम्ही ते करत नाही. फाटकी जाळी, थर्माकोलचे तुकडे, जळकं तेल आम्हीच खाडीत टाकतो. मागच्या वर्षी माझ्या समोर एका नौकेच्या पंख्यात जुनं जाळं अडकलं. ते कापून काढायला पोरगं सुरी घेऊन पाण्यात उतरलं, तेव्हा गढूळ पाण्यात त्याला स्वतःचा हात दिसत नव्हता.

गाळ म्हणजे नौका लागायला त्रास, एवढंच शहरातल्या माणसाला वाटतं. खरा धोका वेगळा आहे. पाणी उथळ झालं की नौका उभ्या करायची जागा आकसते. शंभर नौकांच्या जागेत दीडशे उभ्या राहिल्या, की त्या एकमेकींना खेटून बांधाव्या लागतात. वर मऊ गाळात नांगर रुतून बसत नाही, ओढला जातो. एक म्हातारा तांडेल मला म्हणाला होता, ‘ह्या चिखलात नांगर धरना नाय रे, लोण्यात सुरी घातल्यासारो सरता.’ एका नौकेचा नांगर सुटला की ती शेजारणीवर जाते, ती तिसरीवर, आणि मग रात्रीच्या अंधारात कोण कुणाला आवरणार?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकलं, तेव्हा हेच झालं. करोनाची टाळेबंदी होती, दुकानं बंद. रात्री माझ्या दारावर थापा पडल्या. बाहेर तीन माणसं, नखशिखांत भिजलेली. ‘दोर द्या, असेल तेवढा द्या.’ मी मागच्या दाराने आत गेलो. वीज नव्हती, मोबाइलच्या उजेडात दोराची वेटोळी ओढून काढली. मापायला वेळ नव्हता, अख्खी वेटोळीच उचलून दिली. पत्रे उडत होते आणि वाऱ्याच्या आवाजात शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्या वादळात देवगडच्याच आनंदवाडीला, म्हणजे आसऱ्याच्या जागेतच, नांगरून ठेवलेल्या दोन नौका बुडाल्या. त्यांवर सात खलाशी होते. सगळे परत आले नाहीत.

खोल समुद्रात माणूस गेला तर कोळी मनाला समजावतो, दर्याची मर्जी म्हणतो. पण बंदरात येऊन, नांगर टाकून, आता सुटलो असं वाटल्यावर माणूस जावा, हे मला आजपर्यंत कुणाला समजावता आलेलं नाही.

ही वादळं आता वाढत चालली आहेत, हा माझ्यासारख्या दुकानदाराचा नुसता भास नाही. २०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं झाली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ पर्यंतच्या नोंदी तपासल्या. २००१ नंतरच्या काळात, आधीच्या तेवढ्याच काळाच्या तुलनेत, अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढल्याचं त्यांना दिसलं. पूर्वी आमच्याकडे वादळ म्हटलं की म्हातारी माणसं बोटं मोजून वर्षं सांगायची. आता शाळेतली मुलंसुद्धा फयान, क्यार, निसर्ग, तौक्ते ही नावं घडाघडा म्हणतात. तेव्हा आसरा घेणाऱ्या नौका वाढणार आणि आसरा मात्र दरवर्षी उथळ होत जाणार, असं हे गणित आहे.

मग करायचं काय? आनंदवाडीच्या नियोजित मासेमारी बंदराचं नाव मी तरुण होतो तेव्हापासून ऐकतो आहे. ते व्हावं, पूर्ण क्षमतेने चालावं, याबद्दल दुमत नाही. पण माझं म्हणणं नव्या बांधकामाचं नाहीच. केंद्राची बंदरांसाठी सागरमाला आली, मासेमारीसाठी मत्स्यसंपदा योजना आली, त्यांत बांधायला पैसे असतात. गाळ काढायलाही तरतूद असते, पण ती प्रस्ताव करा, मंजुरी मिळवा, एकदा काम करा आणि मोकळे व्हा अशा पद्धतीची. गाळ दरवर्षी येतो. घराची कौलं दरवर्षी पावसाआधी परततात, तसं हे काम आहे. त्याला दरवर्षीची, न मागता मिळणारी रक्कम हवी, आणि ती बंदराच्या महसुलाला बांधलेली नको.

ती कशाला बांधावी, हेही सुचवतो. किनाऱ्यावर चक्रीवादळात माणसांनी जाऊन राहावं म्हणून निवारे बांधायला केंद्राचा राष्ट्रीय चक्रीवादळ जोखीम निवारण प्रकल्प होता, त्यात महाराष्ट्रही होता. माणसांचा निवारा हा आपत्ती व्यवस्थापनाचा खर्च धरला जातो, त्या निवाऱ्याच्या इमारतीला कुणी उत्पन्न विचारत नाही. मग नौकांचा निवारा हा व्यापाराचा खर्च का? डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत नैसर्गिक आसऱ्याची जी पाच-सात बंदरं निघतील, ती निवाऱ्याची बंदरं म्हणून सरकारने जाहीर करावीत आणि त्यांचा गाळ आपत्तीच्या पैशांतून काढावा. मे महिन्याच्या आधी, म्हणजे वादळांचा मोसम सुरू होण्यापूर्वी. पावसाच्या तोंडावर निविदा निघून उपयोग नाही.

त्याबरोबर खाडीच्या तळाला पक्के बसवलेले बोये, म्हणजे नौका बांधायचे तरंगते पिंप, हवेत, म्हणजे परक्या नौकेला नांगराच्या भरवशावर राहावं लागणार नाही. धक्क्यावर रात्री उजेड हवा. नळ हवा. आज दीडशे नौकांवरचे हजारभर खलाशी येतात तेव्हा पाण्यासाठी ते घरोघर कॅन घेऊन फिरतात, आणि आमच्याच विहिरी तेव्हा आटत आलेल्या असल्या तर कुरबुर होते. शौचालयाबद्दल मी लिहीत नाही, वाचकांनी समजून घ्यावं. आणि सगळ्यात स्वस्त गोष्ट म्हणजे मोजणी. प्रत्येक बावट्याला किती नौका आल्या, कुठल्या राज्यांच्या, किती माणसं, किती दिवस राहिली, एवढं एका वहीत लिहून ठेवा. मग पुढच्या वेळी आमच्यासारखे कुणी अर्ज घेऊन गेले, तर त्या अधिकाऱ्याला दाखवायला आकडा असेल. गुजरात, कर्नाटक आणि केरळ या राज्यांना आपला वाटा उचला म्हणायलाही त्याचाच आधार होईल. त्यांचीच माणसं इथे वाचतात. आपल्या नौकाही वाऱ्याने भरकटल्या तर त्यांच्या बंदरात शिरतात, हे दोन्ही बाजूंनी लागू आहे.

माझ्यापुरती अशी वही मी ठेवतो, उधारीची. तौक्तेच्या रात्री नेलेल्या दोराचे पैसे मी बुडीत धरले होते. कोण माणसं, कुठली नौका, काहीच माहीत नव्हतं. त्यानंतरच्या नोव्हेंबरात मालपेची एक नौका डिझेल आणि बर्फासाठी आत आली. तिच्यावरचा एक खलाशी दुकानात येऊन माझ्यापुढे कागदाची पुडी ठेवून गेला. आत पैसे होते आणि कागदावर कानडीत काहीतरी लिहिलेलं. बंदरावरच्या एकाकडून वाचून घेतलं. ‘मे महिन्यातला दोर’ एवढंच होतं. पैसे त्या वेळच्या भावापेक्षा थोडे जास्तच निघाले. तो कागद मी वहीत चिकटवून ठेवला आहे.

संपादक महोदय, माझी आपल्याला एक विनंती आहे. आपल्या बातमीदाराला आणि छायाचित्रकाराला मार्च किंवा एप्रिलमध्ये अमावास्येच्या आसपास देवगडला पाठवा. उधाणाच्या त्या दिवसांत ओहोटी सगळ्यात खाली जाते. त्या वेळी होडीत बसून खाडीच्या मधोमध या आणि बांबू पाण्यात सोडा. आम्ही लहान असताना ज्या जागी पोहायला वडील मना करत, तिथे आता बांबू कुठवर भिजतो हे दिसेल. त्याचा फोटो छापा. होडी आणि बांबू दोन्हींची सोय मी करतो.

आपला,
देवगड बंदरावरचा एक दुकानदार